हिरवी चौकट

आमच्या घरात माझ्या भाच्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला ‘आलोच’ म्हणतात. लहानपणी कुठूनही हाक मारा, जिन्यातून, गच्चीवरून, पलंगाखालून, उत्तर एकच: ‘आलोच!’ आणि हा पठ्ठ्या काही यायचा नाही. ताटातलं गार व्हायचं, त्याच्या आईचा घसा बसायचा, आणि मग मी माझा कारखान्यातला आवाज काढायचे. मी कपडे शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मशिनांच्या खडखडाटावरून शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू जाईल असा आवाज आहे माझा. तो काढला की आलोच यायचा. नाहीतर नाही.

आता त्याच्या कानशिलावरचे केस पिकलेत, तरी नाव तेच. बायकोही तेच म्हणते. आधी तो चिडायचा. हल्ली चिडत नाही, आणि मला ते बघवत नाही.

त्याचं काम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. फोनवर, संगणकावर जी पानं उघडतात, त्यांच्यामागचं लिखाण तो करतो. पान रंगवणारे वेगळे, ते सुंदर दिसणारे. हा बोट पडल्यावर काय व्हायचं ते बघणारा. म्हणजे समजा खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं पान आहे. खोलीचा फोटो, त्याच्या कोपऱ्यात ‘आवडली’ म्हणून छोटं बदामाचं चिन्ह. गिऱ्हाईक बदाम दाबतं, बदाम लाल होतो, आणि त्याबरोबर न मागता खोलीचं सगळं पानच उघडतं. गिऱ्हाईक वैतागतं. मग ऑफिसातले म्हणतात, बोलवा आलोचला.

‘असं होतंच का मेलं?’ मी एकदा त्याला विचारलं होतं. तो खुशीत होता त्या दिवशी. टेबलावर मोठं ताट ठेवलं, त्यात वाटी, वाटीत चमचा.

‘आत्या, चमच्याला हात लाव. कोणाला लावलास?’

‘चमच्याला. मी काय खुळी आहे?’

‘पण ब्राउझरमध्ये चमच्याला हात लागला की खबर वाटीलाही जाते. वाटीतून ताटाला, ताटातून टेबलाला. आतून बाहेर, पार वरपर्यंत. ज्याला ज्याला ती खबर ऐकायला बसवलंय, तो तो आपलं काम करतो. बदाम लाल होतो, आणि ज्यावर तो बदाम आहे ते खोलीचं कार्डही ऐकतं, तेही उघडतं.’

‘म्हणजे आपल्या जिन्यातल्यासारखं. तळमजल्यावर शिंकलं की गच्चीपर्यंत चौकशी.’

‘तसंच! मग मी एक ओळ घालतो. ती सांगते, खबर इथेच थांबव, वर पाठवू नको. संपलं.’

‘एका ओळीचा पगार देतात तुला?’

‘कुठे घालायची ते कळण्याचा देतात,’ असं म्हणून हसला. असा हसायचा तेव्हा.

त्याचा बाप, म्हणजे माझा दादा, लिफ्टवाला होता. आत बसून बटणं दाबणारा नव्हे. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. कमरेला पट्टा बांधून त्या अंधाऱ्या भोकात उतरायचा, काळाकुट्ट होऊन वर यायचा. सुट्टीत आलोचला बरोबर न्यायचा. पोरगं मजल्यावर उभं राहून बटण दाबायचं, दिवा लागायचा, आणि हे ओरडायचं, ‘बाबा, आली!’ खालून दादाचा आवाज यायचा, ‘दिव्याची वायर वेगळी, मोटरची वायर वेगळी. दिवा लागला म्हणजे लिफ्ट निघाली असं नाही. कान लावून ऐक.’ मग आलोच दाराला कान लावून उभा राहायचा. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बापलेकांचं फाटलं ते वहिनी गेली तेव्हा. सकाळी धडधाकट होती, दुपारी छातीत दुखायला लागलं. दादाने तिला हॉस्पिटलात नेलं आणि तिथल्या कॉरिडॉरमधून आलोचला फोन लावत बसला. वहिनी शुद्धीवर होती, त्याचं नाव घेत होती. आलोचच्या ऑफिसात त्या दिवशी कुठलंसं नवीन पान सुरू होणार होतं. सगळ्यांचे फोन सायलेंट करून टेबलावर पालथे. त्याने फोन सरळ केला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. धावत आला बिचारा. दादाने त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, ‘तुला हाक मारणं आजपासून बंद.’

आमचा दादा हट्टी. मी त्याची बहीण, मला हट्ट म्हणजे काय ते माहीत आहे, पण हा माणूस वरताण. त्याने खरंच हाक मारली नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर! मला म्हणायचा, ‘याला विचार, चहा घेणार का.’ याला! दोन हातांवर बसलेल्या पोराला! मीही विचारायचे, ‘चहा घेणार का रे?’ तो म्हणायचा, ‘हो म्हणून सांग.’ सूनबाईला आधी हसू यायचं, मग रडू. मी दोघांनाही झाडलं, एकदा नाही, कितीदा तरी. दगडावर पाणी ओतल्यासारखं. पुढे पुढे आम्हाला त्याची सवयच झाली. सवय फार वाईट. काय वाट्टेल ते चालवून घेते.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख. सगळं ऐकायचा, सगळं समजायचं, आणि तोंडातून निघायचा नुसता घरघराट. ज्या माणसाने आपणहून लेकाशी बोलणं टाकलं, त्याचं बोलणं सगळ्यांशीच संपलं. डावा हात तेवढा राहिला, तोही थरथरता.

आलोचने त्याच्यासाठी एक पान तयार केलं. बापाच्या हाताशी स्टँडवर टॅब उभा केला, आणि त्यावर मोठी मोठी चित्रं: पाण्याचा पेला, गोळी, उशी, आणि आमचे तिघांचे फोटो. माझा, सूनबाईचा आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा. फोटोवर बोट ठेवलं की चौकट हिरवी होते, आणि त्या माणसाचा फोन वाजतो. पेला, गोळी, उशी दाबली की माझाच फोन, कारण मी घरातच. हिरवी झाली म्हणजे निरोप गेला, असं आम्ही दादाला समजावून सांगितलं. त्याने पापण्या मिटून ‘कळलं’ म्हटलं.

त्या पानावर त्याने जे कष्ट घेतले, ते मी बघितलेत. दादाचं बोट हळू उठायचं. फोटोवर जरा जास्त वेळ राहिलं की टॅबला वाटायचं, याला फोटो साठवून ठेवायचाय, आणि भलतीच यादी उघडायची. आलोचने ते बंद पाडलं. म्हणाला, ‘ब्राउझरला स्वतःच्या सवयी असतात, त्या आवरायला लागतात.’ बोट थरथरल्यामुळे एका वेळी माझा फोन पाचसहा वेळा केकाटायचा; तेही बंद केलं. हे सगळं करताना तो दाराच्या चौकटीत उभा राहून बापाच्या बोटाकडे बघायचा. आत यायचा नाही. आत आला की दादा भिंतीकडे तोंड करायचा.

फोनचा आवाजही त्याने खास केला होता. फोन सायलेंट असो, पालथा असो, खिशात असो, हा आवाज यायचाच. आगीच्या बंबासारखा. सूनबाईने कानात बोटं घातली. ‘एवढा मोठा कशाला?’ त्याने फोन खिशात टाकला. कशाला ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तेव्हापासून त्या पोराच्या जिवाला एकच घोर लागला. बाबा मला बोलावतील का? बाकी पगारवाढ, तब्येत, बायकोबरोबर कुठे जाणं, सगळं गेलं उडत. रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन उभा.

‘आज कोणाला बोलावलं?’

‘मला. पाण्यासाठी. मग सूनबाईला, खिडकी लावायला.’

‘आणि...’

‘नाही रे.’

‘बरं,’ म्हणायचा आणि जायचा.

तो बहुतेक दिवस घरूनच काम करायचा, दादाच्या शेजारच्या खोलीत. मधे एक भिंत. फोन सुलटा, डोळ्यांसमोर. आंघोळीला जाताना फोन घेऊन जायचा, साबणाच्या खणात ठेवायचा. सूनबाई म्हणायची, ‘माझ्याकडे इतकं बघितलं असतंत तर मी अजून गोरी झाले असते.’ तो हसायचा, नजर तिथेच. मीटिंग चालू असताना शेजारच्या घरात काही वाजलं तरी अर्धवट उठायचा. आता हाक आली असती ना, तर आलोच खरंच आला असता. पण हाक येईना.

मी सुद्धा दादाला सुनावलं. त्याच्या पलंगाशी बसून म्हटलं, ‘दादा, पुरे की आता. पोरगं झुरतंय. एक बोट टेकव त्या फोटोवर, तुझं काय जातं?’ दादाने माझ्याकडे असं बघितलं, की मला अर्थच लागेना. राग म्हणावा तर राग नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. घशातून काहीतरी काढत राहिला, घर्र घर्र, आणि डावा हात टॅबकडे नेला. मी म्हटलं, ‘पाणी हवं का?’ आणि पेला पुढे केला. त्याने डोळे मिटून घेतले.

एकदा सूनबाईने शहाणपणाची गोष्ट सांगितली. म्हणाली, ‘तुम्ही एकदा स्वतः दाबून तरी बघा. तुमचाच बिघडलेला असेल.’

आलोच चिडला. ‘बिघडेल कसा? प्रत्येक फोटोला वेगळी घंटा नाहीये. सगळ्यांच्या बाहेर एक मोठी चौकट आहे, तिला एकच घंटा लावलीय. कुठल्याही फोटोवर बोट पडलं की खबर त्या चौकटीकडे जाते, ती बघते कोणाचा फोटो, आणि त्याला फोन लावते. आत्याचा वाजतो, तुझा वाजतो. एक चालतं म्हणजे सगळे चालतात.’

‘पण दाबून बघायला काय हरकत आहे?’

‘म्हणजे मीच मला बोलावू?’ तो म्हणाला. असं म्हणाला की सूनबाईने विषय वाढवला नाही. पुढे मला म्हणाली, ‘आत्या, पान लागल्यावरची पहिली हाक त्यांना बाबांच्याच हाताने यायला हवीय.’ मीही मग दाबून बघ म्हटलं नाही. हे प्रेमाचे नखरे मला कधी कळले नाहीत, पण त्याचा चेहरा कळायचा.

सकाळी दादाला कुशीवर वळवायला तो जायचा, ते एकट्या नर्सबाईला जमायचं नाही. नर्सबाई म्हणजे दिवसभर येणारी ती काळजीवाहू बाई. कामाला चोख, तोंडाने कमी. आलोच आत आला की दादा आधी तोंड फिरवायचा. नंतर नंतर डोळेच घट्ट मिटायला लागला. आलोच बाहेर येऊन म्हणायचा, ‘त्यांना माझं तोंडही बघायचं नाही, आत्या. बोलावतील कशाला?’ आणि मग जेवढ्यास तेवढं जायचं, बोलावल्याशिवाय उगाच जायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. तोही त्याच बापाचा लेक.

हिवाळा सरता सरता दादाला दुसरा झटका आला. यावेळी डावा हातही गेला. डोळे उघडे असायचे, पण कोणावर ठरायचे नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आता ते ओळखतील असं धरून चालू नका. मग म्हणाले, घरी घेऊन जा. याचा अर्थ मला कळतो, मी काही दूधखुळी नाही.

घरी आणल्यावर नर्सबाई पलंगाभोवतीचं आवरत होती. गादीशेजारी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला जागा हवी होती, म्हणून तिने टॅब स्टँडवरून काढला, फडक्याने पुसला. आम्ही तिघंही तिथेच. ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, ‘हा कोपरा बघा, पुसून पुसून कसा झालाय. वरची फिल्म पण उचकटली. रोज इथेच डाग पडायचा.’

‘कुठे?’ आलोचने विचारलं.

‘हा इथे. तुमच्या फोटोवर.’

आम्ही तिघंही तिच्याकडे वळलो. तिला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ती घाईघाईने सांगायला लागली. ‘नाही म्हणजे, दुपारी आत्या आडव्या व्हायच्या ना, तेव्हा दाबायचे ते. हिरवं व्हायचं. मग बसायचे दाराकडे बघत. बराच वेळ बघायचे. परत दाबायचे. तुम्ही आतल्या खोलीत बोलत असायचात, आवाज यायचा इकडे. मला वाटलं, साहेब कामात असतील, किंवा... तुम्हा दोघांचं बोलणं नाही म्हणतात, मी कशाला मधे तोंड घालू? घरच्यांचं घरच्यांना.’

‘रोज?’ आलोच म्हणाला.

‘पहिल्या दिवसापासून,’ ती म्हणाली.

दादा मला काय सांगत होता, ती घरघर, तो टॅबकडे नेलेला हात! आणि मी त्याच्या तोंडाला पेला लावला!

आलोच आपल्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले. त्याने लॅपटॉप उघडला, त्या पानाचं लिखाण काढलं आणि भराभर खाली जायला लागला. मग थांबला. बोट काचेवर ठेवलं. इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत एक ओळ, आणि तिच्या शेजारी आमच्या भाषेत लिहिलेलं: ‘तात्पुरतं. नंतर काढायचं.’

‘हे काय आहे?’

‘मीच लिहिलंय.’ आवाज असा, की कोणीतरी लांबून बोलतंय. ‘पान तयार करत होतो तेव्हा. हिरवा रंग नीट येतो का, बोट हललं तर काय होतं, हे बघायला एकच फोटो घेतला होता, माझा. दर वेळी दाबला की माझा फोन बोंबलायचा. बाबा झोपले होते पलीकडे. ते उठतील म्हणून... म्हणून मी खबर तिथेच थांबवली. फोटोला कळेल, चौकट हिरवी होईल, पण बाहेरच्या मोठ्या चौकटीला काही कळणार नाही. मग बाकीचे फोटो जोडले. त्यांना ही ओळ नाही. माझ्याच फोटोला राहिली.’

‘काढायची विसरलास?’

‘हो.’

एवढंच. काढायची विसरला. एवढ्याशा गोष्टीला मी काय म्हणणार? रोज माणसं काहीतरी विसरतात. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. याच्या हातून एक ओळ राहिली, तीही बापाची झोप मोडू नये म्हणून घातलेली. कोणाला शिव्या द्यायच्या? मला तर कोणाला तरी शिव्या द्यायच्याच होत्या. तोंड भरून आलं होतं. पण समोर हा बसलेला.

त्याने ती ओळ पुसली. एक बटण दाबून अशी नाहीशी झाली, जणू कधी नव्हतीच. मग टॅब उचलला आणि दादाच्या खोलीत गेला. यावेळी दारात थांबला नाही. सरळ पलंगावर बसला, बापाला खेटून. दादाचे डोळे छताकडे.

त्याने दादाचा डावा हात हातात घेतला, बोट सरळ केलं, आणि आपल्या फोटोवर टेकवलं. चौकट हिरवी झाली. आणि त्याच्या खिशातून तो आवाज आला, आगीच्या बंबाचा, कान फाडणारा. सूनबाई दचकून धावत आली. नर्सबाईच्या हातातून फडकं पडलं. दादाची पापणीसुद्धा हलली नाही.

‘आलोच, बाबा,’ तो म्हणाला. ‘हा बघा, आलो.’

परत बोट उचललं, परत टेकवलं. परत तो आवाज. ‘आलो, बाबा. बाबा, मी आलोय.’ परत. परत. मला ऐकवेना. मी म्हटलं, ‘पुरे रे, राजा. पुरे.’ सूनबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही, पण थांबलाही नाही. शेवटी दादाचं बोट ओलं होऊन काचेवर लागेनासं झालं. कशाने ओलं ते सांगायला नको. फोन गप्प झाला, तसा आलोचही गप्प झाला, बापाच्या छातीवर डोकं टेकून.

दादा त्यानंतर थोडेच दिवस होता. आलोच पलंगापासून हलला नाही. ऑफिसाचे फोन आले, घेतले नाहीत. भिंतीशी बोलल्यासारखं बोलत राहायचा: लिफ्टच्या गोष्टी, आईच्या गोष्टी, त्या ओळीची गोष्ट. ती तर पुन्हा पुन्हा. ‘बाबा, मला खबर मिळत नव्हती. मीच अडवली होती, पण मुद्दाम नाही.’ दादाचे डोळे छताला लागलेले. ज्या दिवशी गेला, त्या दिवशीही आलोच जवळच होता. पण त्याने काय होतं?

आता कामावर जातो पूर्वीसारखा. लोक अजून म्हणतात, बोलवा आलोचला, आणि तो बदामाच्या मागची खबर अडवून देतो. एवढंच, की अडवणारी ओळ लिहिली की बराच वेळ तिच्याकडे बघत बसतो. सूनबाई सांगते, ऑफिसातले हसतात.

परवा माझ्याजवळ येऊन बसला. मी भाजी निवडत होते. काही वेळ एक काडी मोडत राहिला, मग म्हणाला, ‘आत्या, बाबांना कळलं असेल ना गं?’

‘काय?’

‘बिघाड आहे ते. ते लिफ्टवाले होते. मला तेच शिकवायचे, दिव्याची वायर वेगळी, मोटरची वेगळी. दिवा लागतोय आणि काही येत नाही म्हटल्यावर त्यांना कळलंच असेल, की कुठेतरी वायर तुटलीय. मी ऐकून येत नाहीये, असं नसेल वाटलं त्यांना.’

पाच वर्षांचं पोर बघतं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मी तोंडावर खरं बोलत आले, त्यापायी माणसं तोडली. त्या दिवशी म्हटलं, ‘कळलं असेल रे. त्याला नाही कळणार तर कोणाला?’

त्याने मान हलवली. जरा हलका झाल्यासारखा वाटला. उठून गेला.

मी भाजीचं ताट तसंच मांडीवर धरून बसले. दादाला मी ओळखते. बिघडलेली लिफ्ट आहे असं एकदा कळलं, की तिच्या दाराकडे बघत तो कधी क्षणभरही उभा राहिला नाही. सरळ जिना चढायला लागायचा. आणि नर्सबाई सांगत होती, चौकट हिरवी झाली की तो दर वेळी दाराकडे बघत बसायचा.